बारा वर्षं पेंडिंग राहिलेली विनंती

सोलापुरात ‘वालचंद’ म्हटलं की इंजिनिअरिंग कॉलेज आठवतं आणि ‘हिराचंद नेमचंद’ म्हटलं की वाचनालय. शेठ हिराचंद नेमचंद दोशी हे उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे वडील. मुलाने जहाजांचे आणि विमानांचे कारखाने उभे केले, हे बहुतेकांना माहीत असतं. वडिलांनी एका पोथीच्या नकलेसाठी केलेला खटाटोप मात्र फारसा कुणी सांगत नाही.

1883 मध्ये मुंबईचे शेठ माणिकचंद यात्रेसाठी कर्नाटकातल्या मूडबिद्रीला गेले. तिथल्या जैन मंदिरात ‘धवला’च्या ताडपत्री पोथ्या होत्या. षट्खंडागम हा दिगंबर जैनांचा मूळ सिद्धांतग्रंथ, आणि धवला ही त्यावर आचार्य वीरसेनांनी नवव्या शतकात लिहिलेली प्रचंड टीका. तिच्या ताडपत्री प्रती फक्त इथेच उरल्या होत्या. लिपी जुनी कन्नड. भाविक यायचे, पोथीचं दर्शन घ्यायचे, नमस्कार करून निघून जायचे. वाचणारं जवळपास कुणी नव्हतं, आणि पानं झिजत चालली होती.

माणिकचंदांनी हे सोलापूरला हिराचंदांना कळवलं. पुढच्याच वर्षी हिराचंद स्वतः मूडबिद्रीला गेले. जाताना लिपी जाणणारे ब्रह्मसूरी शास्त्री यांना सोबत नेलं. नकल करून घ्यायची, हे तेव्हाच मनात पक्कं झालं. काम सुरू झालं 1896 मध्ये. म्हणजे विनंती बारा वर्षं पेंडिंग.

आज एखाद्या संशोधन ग्रंथालयाकडे दुर्मीळ पोथीचं स्कॅन मागितलं, तर फॉर्म भरावा लागतो. कोणती पानं हवीत, कशासाठी, छापणार का, श्रेय कसं देणार? मग कुणीतरी पोथी तपासतं, ती उघडण्याचा ताण सोसेल का ते ठरवतं, आणि आपला नंबर रांगेत लागतो. वैताग येतो खरा. पण मूडबिद्रीत हेच सगळं फॉर्मशिवाय चाललं होतं. पोथी सांभाळणाऱ्यांची भीतीही खोटी नव्हती. कित्येक शतकं त्यांच्याच घराण्यांनी ती जपली होती. एकदा नकल बाहेर गेली की तिचं पुढे काय होईल, यावर त्यांचा ताबा राहणार नव्हता. म्हणून अट अशी ठरली, की नकल करा, पण ती मूडबिद्रीतच राहील.

ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती शास्त्री कामाला लागले. थोडं काम झालं आणि ब्रह्मसूरी वारले. गजपतींनी पुढची अनेक वर्षं एकट्याने देवनागरी नकल केली. बाकीच्या ग्रंथासह सगळं काम संपायला 1922 उजाडलं.

पण मधल्या काळात डेटा लीक झाला होता. गजपतींनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने गुपचूप एक कन्नड नकल तयार केली आणि ती बाहेर आणली. ती घेऊन ते आले कुठे? सोलापूरला, हिराचंदांकडे. ज्या ग्रंथासाठी या माणसाने इतकी वर्षं घालवली, तो समोर होता. हिराचंदांनी घेतला नाही. अशा मार्गाने आलेली प्रत ठेवणं त्यांना योग्य वाटलं नाही.

नकल मग उत्तरेत सहारनपूरला लाला जंबूप्रसादांकडे गेली. तिथे तिचं देवनागरी करताना सीताराम शास्त्रींनी आणखी एक प्रत स्वतःकडे ठेवली. त्या प्रतीच्या प्रती निघाल्या आणि आरा, कारंजा, सागर अशा ठिकाणी पोहोचल्या. त्यांच्यावरूनच अमरावतीच्या प्रा. हिरालाल जैन यांनी 1939 मध्ये धवलेचा पहिला खंड छापला.

म्हणजे हिराचंद चुकले का? मीही आधी तसंच म्हणत होतो. सगळ्यांनी त्यांच्यासारखं केलं असतं, तर ग्रंथ आणखी किती वर्षं बंद राहिला असता कोण जाणे. पण चोरून केलेल्या नकलेत एक मोठी अडचण असते. ती मूळ प्रतीशी ताडून पाहता येत नाही. पहिल्याच खंडातल्या 93व्या सूत्रात हे दिसलं. अर्थ लावताना संपादकांना वाटलं, इथे ‘संजद’, म्हणजे संयत, हा शब्द हवा. हातातल्या नकलांमध्ये तो नव्हता. शब्द एकच, पण त्यावर स्त्रीला मुनिपदाची अवस्था गाठता येते का, हा प्रश्न टांगलेला. मोठा वाद पेटला. खंड छापून आल्यावर मूडबिद्रीकरांचा विश्वास बसला होता आणि त्यांनी मूळ ताडपत्रं ताडून पाहायला दिली. शब्द तिथे होता. नकल करताना गळला होता.

सूत्र लीकमुळे छापलं गेलं, पण दुरुस्त झालं ते परवानगीमुळे.

धवलेची सुधारित आवृत्ती पुढे सोलापूरच्याच जैन संस्कृती संरक्षक संघाने काढली. हिराचंदांनी परत पाठवलेला ग्रंथ त्यांच्या गावात शेवटी असा आला.

आता पोथीची पीडीएफ फॉरवर्ड करायला दोन सेकंद लागतात. पण फाइलवर मूळ प्रत कुठली, कुणी आणि कधी स्कॅन केली, कोणती पानं सुटली, हे बहुतेकदा नसतं. ग्रंथालयाचा तो कंटाळवाणा फॉर्म नेमकं हेच लिहून घेतो. पुढच्या वेळी तो भरताना मी ‘हेतू’च्या रकान्यात नुसतं ‘अभ्यास’ लिहून मोकळा होणार नाही.