शिवेचा साक्षीदार

महाराष्ट्रातील गावगाड्याचा विचार करताना पाटील-कुलकर्ण्यांची दप्तरे, महजर आणि निवाडे यांकडे अभ्यासकांचे लक्ष सहज जाते. परंतु ज्याच्या साक्षीवाचून दोन गावांच्या शिवेचा तंटा मिटत नसे, त्या महाराच्या वतनाची मीमांसा त्या मानाने थोडकीच झाली. वेशीवर पहारा देणे, चावडीचे हुकूम घरोघर सांगणे, वसुलाच्या रकमेबरोबर कचेरीपर्यंत जाणे, परगावी मयताची वार्ता पोहोचवणे आणि मेलेले जनावर ओढून नेणे, ही कामे करणारा वेसकर सरकारला व रयतेला सारखाच हवा असे. मात्र त्याच गावच्या विहिरीवर त्याला पाण्याचा अधिकार नसे.

या सेवेचा मोबदला दुहेरी होता: नाममात्र जुडीवर मिळालेली हाडकी-हाडोळ्याची जमीन आणि खळ्यावरचे बलुते. बेदरच्या बादशहाने अमृतनाक महाराच्या इमानावर प्रसन्न होऊन बावन्न हक्कांची सनद दिली, ही आख्यायिका महारवाड्यांतून अभिमानाने सांगितली जाई. गावाच्या मर्जीने मिळणारे बलुते हे दान नसून बादशाही हक्क आहे, असा दावा तिच्यामागे होता. व्यवहारात मात्र जमिनीच्या पिढ्यानुपिढ्या वाटण्या होत गेल्या, बलुते कुणब्याच्या लहरीवर राहिले, आणि राबणुकीला वेळकाळ उरला नाही. १८७४ च्या वतन कायद्याने वंशपरंपरेच्या या सेवेला ब्रिटिश अमलाची मोहर मिळाली.

या जमिनीच्या लोभानेच महार गावाला जखडला गेला आहे, हे डॉ. आंबेडकरांनी ओळखले. महाडच्या १९२७ च्या परिषदेत मृतमांस सोडण्याचा उपदेश केल्यावर, १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा आणि इच्छुकांस पूर्ण सारा भरून, जमीन राखून, सेवेतून मोकळे होता यावे, हा त्याचा आशय. पुढल्या वर्षी ते मागे घ्यावे लागले.

वतन संपले ते १९५८ च्या कायद्याने. सेवा गेली, बलुतेही गेले. जमीन मात्र कब्जेहक्काची रक्कम सरकारात भरल्यावरच पूर्वीच्या वतनदाराच्या नावे होणार होती, आणि तीही कलेक्टरच्या परवानगीवाचून विकता येणार नव्हती. गावाच्या हद्दी ज्याच्या शब्दावर कायम होत, त्याला स्वतःच्या बांधासाठी असे मोल मोजावे लागले.