नेत्रावळकर, सौरभ

नेत्रावळकर, सौरभ नरेश : (१६ ऑक्टोबर १९९१ – ). अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचे मुंबईकर क्रिकेटपटू आणि संगणक अभियंते. डावखुरे मध्यमगती गोलंदाज. फलंदाजी उजव्या हाताने, तीही बहुधा तळाच्या क्रमांकावर. जन्म मुंबईत. आडनाव गोव्याच्या सांगे तालुक्यातील नेत्रावळी या गावाशी नाते सांगते. बुडबुड्यांच्या तळीसाठी ते गाव ओळखले जाते. सौरभ यांची जडणघडण मात्र पूर्णपणे मुंबईच्या मैदानांवर झाली.

कुमार वयात त्यांची गणना देशातील होतकरू गोलंदाजांत होत होती. २००८-०९च्या कूचबिहार करंडकात त्यांनी सहा सामन्यांत तीस बळी घेतले. त्या बळावर २०१०मध्ये न्यूझीलंडला झालेल्या १९ वर्षांखालील विश्वचषकासाठी भारतीय संघात निवड झाली. के. एल. राहुल, मयंक अगरवाल, जयदेव उनाडकट, हर्षल पटेल हे त्या संघातले सोबती. भारताकडून सर्वाधिक, म्हणजे नऊ बळी नेत्रावळकर यांचे होते. उपांत्यपूर्व फेरीत पाकिस्तानने पावसाने आखडलेल्या सामन्यात दोन गडी राखून भारताला हरवले. पाकिस्तानच्या त्या संघात बाबर आझम हा फलंदाज होता. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

मायदेशी परतल्यावर इतरांना आयपीएलची दारे उघडली. नेत्रावळकर यांच्यासाठी ती उघडली नाहीत. अंधेरीच्या सरदार पटेल तंत्रज्ञान संस्थेतून २०१३मध्ये त्यांनी संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि क्रिकेटला आणखी दोन वर्षे द्यायची असे ठरवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कर्नाटकविरुद्ध मुंबईकडून रणजी पदार्पण झाले. प्रथम श्रेणीतला मुंबईसाठीचा त्यांचा तो पहिला आणि शेवटचा सामना. धवल कुलकर्णी, शार्दूल ठाकूर अशा वेगवान गोलंदाजांची रांग असताना मुंबईच्या अकरांत जागा टिकवणे म्हणजे लोकलमध्ये खिडकी मिळवण्यासारखे होते. या काळात त्यांनी ‘क्रिकडिकोड’ हे क्रिकेटपटूंच्या कामगिरीचे विश्लेषण करणारे अ‍ॅप तयार केले. २०१५मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी गेले आणि २०१६मध्ये ओरॅकल या कंपनीत कॅलिफोर्नियात रुजू झाले. जाताना गोलंदाजीचे बूट भारतातच ठेवून गेले, असे त्यांनी नंतर मुलाखतींत सांगितले आहे.

नेत्रावळकर यांच्या कारकिर्दीला ‘व्यावसायिक’ हे विशेषण लावताना कोशकाराने थोडे थांबायला हवे. मुंबईत नोकरी आणि क्रिकेट यांची सांगड जुनी आहे. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावस्कर निरलॉनकडून खेळत, आणि टाइम्स शील्डसारखी कार्यालयांची स्पर्धा रणजीच्या खालोखाल मानाची होती. तिथे क्रिकेट येते म्हणून नोकरी मिळत असे. नेत्रावळकर यांच्याबाबतीत उलटे घडले. नोकरी त्यांनी संगणकाच्या ज्ञानावर मिळवली आणि क्रिकेट शनिवार-रविवारच्या कोनाड्यात ठेवले.

उलट दिशेचे उदाहरणही नेत्रावळकर यांच्याच जन्मवर्षी जन्मले आहे. टेक्सासचा मेसन कॉक्स (जन्म १९९१) हा यांत्रिकी अभियंता. उंची २११ सेंटिमीटर, त्यामुळे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात बास्केटबॉल. २०१४मध्ये तो मेलबर्नच्या कॉलिंगवुड क्लबमध्ये दाखल झाला आणि त्याने जन्मात कधी न खेळलेला ऑस्ट्रेलियन फुटबॉल हाच पेशा केला. २०२३मध्ये तो विजेत्या संघात होता. अंडाकृती मैदानावर अठरा-अठरा खेळाडूंनी खेळायचा हा खेळ क्रिकेटचा सख्खा शेजारी आहे. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग सैल पडू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा, असे टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८मध्ये सुचवले आणि पुढच्या वर्षी मेलबर्नमध्ये नियम लिहिले गेले. त्या खेळातले नामांकित खेळाडूही विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सराव असेच जगत. कॉक्सने अभियांत्रिकी बाजूला ठेवली. नेत्रावळकर यांनी दोन्ही धरून ठेवले, आणि तसे धरून ठेवणे हेच अमेरिकेतल्या क्रिकेटचे वास्तव होते.

ते वास्तव मराठी वाचकाला परिचयाचे असेल. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरसारख्या उपनगरात आठवडाभर प्रिन्स्टन जंक्शनहून न्यूयॉर्कची गाडी पकडणारा नोकरदार सुटीच्या दिवशी पॅड बांधतो, तोच प्रकार पश्चिम किनाऱ्यावर चालत होता. खेळपट्ट्या बहुतेक मॅटच्या. खऱ्या मातीच्या खेळपट्टीवर खेळायचे तर नेत्रावळकर शुक्रवारी काम आटोपून सहा-सात तास गाडी हाकत लॉस एंजेलिसला जात, खेळत, आणि सोमवारी पुन्हा कार्यालयात. दरम्यान आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने राष्ट्रीय संघात खेळण्यासाठीची वास्तव्याची अट शिथिल करून तीन वर्षांवर आणली. २०१८मध्ये अमेरिकेच्या संघाचा दरवाजा उघडला तो असा.

त्याच वर्षी त्यांच्याकडे कर्णधारपद आले. एप्रिल २०१९मध्ये नामिबियात झालेल्या विश्व क्रिकेट लीगच्या दुसऱ्या विभागात अमेरिका पहिल्या चारांत आली आणि तिला एकदिवसीय सामन्यांचा दर्जा मिळाला. अमेरिकन क्रिकेटच्या दृष्टीने ही त्यांची सर्वांत टिकाऊ कामगिरी, जरी ती प्रेक्षकांना फारशी ठाऊक नाही. कर्णधार म्हणून अपयशही पदरी आले. १२ फेब्रुवारी २०२० रोजी कीर्तिपूरला नेपाळविरुद्ध अमेरिका अवघ्या ३५ धावांत गारद झाली. एकदिवसीय क्रिकेटमधल्या सर्वांत कमी धावसंख्येची ती बरोबरी होती. २०२१मध्ये कर्णधारपद मोनांक पटेल यांच्याकडे गेले आणि नेत्रावळकर यांची गोलंदाजी, योगायोगाने असेल, आणखी धारदार झाली. २०२२च्या जुलैमध्ये सिंगापूरविरुद्ध १२ धावांत पाच बळी. २०२३मध्ये मेजर लीग क्रिकेट या अमेरिकेतल्या टी-ट्वेंटी स्पर्धेच्या पहिल्याच हंगामात वॉशिंग्टन फ्रीडमकडून सॅन फ्रान्सिस्को युनिकॉर्न्सविरुद्ध ९ धावांत सहा.

त्यांच्या गोलंदाजीत वेगाचा धाक नाही. नवा चेंडू दोन्हीकडे थोडासा वळवणे, टप्पा न सोडणे आणि शेवटच्या षटकांत यॉर्कर व संथ चेंडूंची मिसळ करणे ही त्यांची शिदोरी. फलंदाजाला फुकट काही द्यायचे नाही, हा मुंबईचा जुना ‘खडूस’ बाणा तीत स्पष्ट दिसतो.

६ जून २०२४ रोजी डॅलसजवळच्या ग्रँड प्रेअरी मैदानावर टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिका आणि पाकिस्तान समोरासमोर आले. पाकिस्तानचा कर्णधार बाबर आझम. नेत्रावळकर यांनी चार षटकांत १८ धावा देऊन दोन बळी घेतले. पाकिस्तान ७ बाद १५९. अमेरिकेला शेवटच्या चेंडूवर पाच हव्या असताना नितीश कुमार यांनी चौकार मारला आणि बरोबरी झाली. सुपर ओव्हरमध्ये मोहम्मद आमिरने अवांतर धावांची खैरात केल्याने अमेरिकेच्या १८ झाल्या. बचावासाठी चेंडू नेत्रावळकर यांच्या हाती. पहिला चेंडू निर्धाव, दुसऱ्यावर चौकार, मग इफ्तिकार अहमदचा मिलिंद कुमारने टिपलेला झेल. पाकिस्तान १३ वर थांबला. चौदा वर्षांपूर्वीच्या न्यूझीलंडमधल्या पराभवाची आठवण वर्तमानपत्रांनी लगेच काढली, आणि ओरॅकलने आपल्या अभियंत्याचे जाहीर कौतुक केले.

सहा दिवसांनी न्यूयॉर्कच्या नासाऊ काउंटी मैदानावर भारत. नेत्रावळकर यांच्या गोलंदाजीवर विराट कोहली आपल्या पहिल्याच चेंडूला यष्टिरक्षकाकडे झेल देऊन शून्यावर परतला, थोड्या वेळाने रोहित शर्मा मिड-ऑफला हरमीत सिंगच्या हाती गेला. रोहित आणि हरमीत दोघेही मुंबईचेच. त्यामुळे धावफलकावरची ती ओळ मुंबईतल्या क्लबांच्या कांगा लीगमधल्या एखाद्या सामन्यातली वाटते. मात्र पुढे सूर्यकुमार यादवचा झेल नेत्रावळकर यांच्याच हातून निसटला. सूर्यकुमार नाबाद ५० करून गेला, भारताने १११चे लक्ष्य गाठले. त्या दिवशीही त्यांचे पृथक्करण चार षटके, १८ धावा, दोन बळी असेच होते.

आयर्लंडविरुद्धचा सामना पावसात वाहून गेल्याने अमेरिका पदार्पणाच्याच विश्वचषकात सुपर एटमध्ये पोहोचली; तिथे तिन्ही सामने हरली. स्पर्धा चालू असतानाही हॉटेलवर लॅपटॉप उघडून कार्यालयाचे काम उरकणाऱ्या गोलंदाजाच्या बातम्या मुंबईत मोठ्या चवीने वाचल्या गेल्या. पुढच्याच महिन्यात, २८ जुलैला, रिकी पाँटिंग प्रशिक्षक आणि स्टीव्ह स्मिथ कर्णधार असलेल्या वॉशिंग्टन फ्रीडमने मेजर लीग क्रिकेटचे विजेतेपद पटकावले. हंगामात सर्वाधिक पंधरा बळी नेत्रावळकर यांचे होते.