ऊर्णनाभ आणि अंगणातील खराटा

पावसाळा सरून नवरात्र जवळ आले, म्हणजे सौसर तालुक्यातील बोरगावाच्या परिसरात संत्र्याच्या बागांतून आणि परसातील झुडपांतून मोठी वाटोळी जाळी दिसू लागतात. मध्यभागी पिवळे-काळे पट्टे ल्यालेला कोळी डोके खाली करून, पायांच्या जोड्या फुलीसारख्या ताणून निश्चल बसलेला असतो. घटस्थापनेपूर्वीच्या झाडलोटीत खराट्याचा पहिला तडाखा बहुधा त्यालाच बसतो. तो विषारी आहे, एवढाच त्याच्यावरील आरोप! या आरोपाचा इतिहास तपासून पाहावा, असे आम्हांस वाटते.

आरोप निराधार उपजला, असे मात्र नव्हे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात लूतांच्या, म्हणजे कोळ्यांच्या, विषाचे विवेचन आहे. विश्वामित्रावर कोपलेल्या वसिष्ठांचे घर्मबिंदू कापलेल्या गवतावर पडले व त्यांतून लूता जन्मल्या, अशी कथा देऊन सुश्रुताने त्यांचे सोळा प्रकार गणले. आठ कष्टसाध्य आणि आठ असाध्य. अंगावर जळजळते फोड उठले, की कोळी फिरला असे म्हणण्याची रूढी आजही आढळते. वस्तुतः अशा फोडांचे कारण पुष्कळदा नागीण हा रोग, अथवा अंगावर चिरडलेल्या एका लहान किड्याचा दाहक रस, हे असते.

परंतु त्याच परंपरेने या जीवास फार उंच आसनही दिले आहे. ऊर्णनाभ धागा बाहेर सोडतो व पुन्हा आत घेतो, त्याप्रमाणे अक्षरापासून विश्व प्रकटते, हा दृष्टांत मुंडकोपनिषदाने योजिला. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये कोळ्याची गणना आहे. आणि त्याच स्कंधावरील आपली टीका एकनाथांनी १५७३ साली काशीक्षेत्री पूर्ण केल्यामुळे हा गुरू मराठी घराघरांत पोहोचला.

धागा आत घेणे ही केवळ कविकल्पना नव्हे. अनेक जातींचे कोळी जुने जाळे खाऊन नवे विणतात. १९७१ साली पीकॉल या शास्त्रज्ञाने किरणोत्सर्गी खुणेच्या साह्याने दाखविले, की खाल्लेल्या धाग्याचा मोठा अंश अल्पावधीत नव्या जाळ्यात परत येतो. नाभीचे तेवढे खरे नाही. धागा पोटाच्या मागील टोकाच्या तनित्रांतून निघतो.

स्वीडनच्या थोरेल या पंडिताने १८८७ साली आपल्याकडील एका पट्टेदार कोळ्यास आर्जिओपी अनसुजा हे नाव दिले. ते वाचताना दत्तमाउली अनसूयेचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. त्याच्या जाळ्यात पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली असते. रानातील सोनेरी धाग्याच्या मोठ्या कोळ्याची मादी देहाने चार-पाच सेंटीमीटरपर्यंत वाढते; नर तिच्यापुढे अगदीच चिमुकला. हे दोन्ही कोळी माश्या, टोळ, पतंग यांवर जगतात. विष त्यांना आहे, पण ते भक्ष्यापुरते. हातात दाबले गेल्याखेरीज ते सहसा चावत नाहीत, आणि चावले तरी वेदना गांधीलमाशीच्या दंशाएवढी व थोडा वेळ टिकणारी असते. मात्र कोणत्याही दंशानंतर सूज वाढत गेली किंवा धाप लागली, तर वैद्यास दाखवावे. त्यात हयगय नको.

बोरगावास १९९१ पासून लोकरी कापडाचा मोठा कारखाना आहे, आणि ऊर्णा म्हणजे लोकर. १९५६ च्या प्रांतरचनेत हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला, २०२३ साली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा जिल्ह्यात आला. सीमा बदलल्या, पण कुंपणावरचा हा जुना विणकर आपल्या जागी आहे.

देवळाच्या गाभाऱ्यातील कोळिष्टके काढावीत, हे उचितच. परंतु अंगणातील जाळे वाटेत आड येत असेल, तर काठीने कोळ्यास अलगद शेजारच्या झुडपावर ठेवावे. ज्यास अवधूताने गुरू म्हटले, त्याच्यावर खराटा उगारण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे, इतकीच आमची विनंती.