तुटलेल्या हाताचा हिशेब : लोखंडे ते बाबासाहेब

गटारात उतरलेला सफाई कामगार गुदमरून मेला, की ठेकेदाराचा माणूस त्याच्या घरी येतो. एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात सही घ्यायला स्टॅम्प पेपर. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे पाहिले आहे. "माणुसकी म्हणून देतोय," असे तो वर ऐकवतो. आमचे म्हणणे असे की, कामावर गेलेल्या जिवाची भरपाई ही माणुसकी नाही. तो हक्क आहे आणि तो मागण्याचा इतिहास आपला आहे.

सप्टेंबर 1884. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले. सुमारे 5,500 कामगारांनी सह्या केलेले निवेदन फॅक्टरी कमिशनकडे गेले. रविवारची सुट्टी आपल्याला आठवते. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या आणि कायमचे अपंगत्व आले तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा.

कायदा व्हायला जवळजवळ चाळीस वर्षे गेली. 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा 1 जुलै 1924 पासून लागू झाला. 1855 च्या कायद्याखाली मृत्यूबद्दल भरपाई मागायची, तर आधी मालकाची चूक सिद्ध करावी लागे. आता अपघात कामामुळे आणि कामावर असताना झाला, एवढे पुरेसे ठरले. हे मोठे पाऊल होते. पण मापात मात्र हात आखडला होता. मृत्यू झाल्यास 30 महिन्यांचा पगार किंवा 2,500 रुपये, यांपैकी जे कमी असेल ते!

इथेच जातीचा प्रश्न येतो. भरपाई पगारावर मोजायची आणि पगार जातीवर ठरायचा. धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून 'विटाळा'च्या नावाखाली अस्पृश्यांना गिरणीच्या जास्त पगाराच्या विणकाम खात्यात शिरू दिले जात नव्हते. म्हणजे त्यांचा हात तुटला, तरी तो स्वस्तातच मोजला जाणार.

1923 चा हा कायदाही बाबासाहेबांनीच केला, असे कोणी पुढे पाठवले तर मित्रांनो, ते चूक आहे. तेव्हा ते कोणत्याही कायदेमंडळात नव्हते. त्यांचे खरे काम पुरेसे मोठे आहे. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी 1943 मध्ये युद्धात जखमी होणाऱ्या कामगारांसाठी भरपाई विम्याचे विधेयक आणले. त्याने भरपाईची जबाबदारी मालकांवर टाकली आणि विमा सक्तीचा केला. मालक बुडाला म्हणून कामगार बुडू नये, हा त्यामागचा विचार. त्यांच्याच खात्याने प्रा. अडारकरांकडे आरोग्य विम्याचा अभ्यास सोपवला. 1948 चा राज्य कामगार विमा कायदा त्यातूनच उभा राहिला.

1923 चा कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. मुख्य तत्त्वे मात्र तीच आहेत. काम ठेकेदाराकडून करून घेतले, तरी मूळ मालक सुटत नाही. हक्क सोडून देणारा करार, मग तो स्टॅम्प पेपरवर का असेना, रद्दबातल असतो. मृत्यूची भरपाई वारसाच्या हातात गुपचूप टेकवून भागत नाही. ती अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. कामगाराला राज्य विमा लागू असेल, तर लाभ तिथून मिळतो. आणि गटारातील मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 रोजी भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली आहे.

तरी पाकिटे का चालतात? कारण हजेरी कागदावर नसते. नोंद नाही, म्हणून 'तो आमचा कामगारच नव्हता' असे म्हणता येते. म्हणून जयंतीच्या वर्गणीची वही ठेवतो, तशी वस्तीतल्या कंत्राटी कामगारांची वही आपण ठेवू या : कोणाकडे काम, किती मजुरी, कधीपासून. अपघात झाला, तर त्या घरी ठेकेदाराच्या आधी आपण पोहोचले पाहिजे.

30 लाखांनी माणूस परत येत नाही. गटारात माणूस उतरवणेच बंद व्हावे, ही आपली खरी लढाई. पण ती जिंकेपर्यंत एकही सही पाकिटावर होऊ द्यायची नाही.

जय भीम!