खुर्चीचा रंगीत इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याकडे लगेच तलवार उपसली जाते. राजे, लढाया, तह, फितुरी, यांच्यातून उसंत मिळाली तर इतिहास घरात डोकावणार! वास्तविक राजे येतात आणि जातात. ते ज्यावर बसले ती बैठक मात्र मागे उरते, आणि तिचे जे हाल व्हायचे ते पुढच्या पिढ्या दर दिवाळीला ब्रश घेऊन करतात. म्हणून म्हणतो, घरातल्या जुन्या खुर्चीवर चढलेल्या रंगांचाही एक इतिहास असतो. तो शाळेत शिकवत नाहीत, एवढंच.

पुरावा म्हणून आमच्या जळगाव जामोदच्या घरातली खुर्ची सादर करतो. (बाहेरगावी नुसतं ‘जळगाव’ म्हटलं की लोक केळीची चौकशी करतात. ते खानदेशातलं. आमचं सातपुड्याच्या पायथ्याचं, बुलढाणा जिल्ह्यातलं. शेजारच्या जामोद गावाची शेपटी लावल्याशिवाय आम्हाला पोस्टसुद्धा ओळखत नाही.) तर ही खुर्ची सागवानी, दोन रुंद हातांची. वरून आकाशी निळी. पण जिथे जिथे कोपरा टवका उडून गेलाय तिथे निळ्याखाली हिरवा दिसतो, हिरव्याखाली काळपट लाल, आणि त्याखाली साग. पुरातत्त्ववाले जमीन खणतात तेव्हा वरचा थर सर्वांत अलीकडचा आणि खालचा सर्वांत जुना धरतात. आम्हीही तोच शास्त्रीय दंडक पाळून खालून सुरुवात करू.

मुळात आपण खुर्चीवर बसणारी माणसंच नव्हे. जाजम, सतरंजी, लोड, पाट, बाज आणि ऐपत असली तर झोपाळा, एवढ्यात आपले सगळे व्यवहार, मृत्युपत्रासकट, आटपत असत. खुर्ची आली ती साहेबाबरोबर. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. मग १८६१ ते १८६५ या काळात तिकडे अमेरिकेत यादवी झाली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमेरिकेतले गुलाम मुक्त झाले आणि इकडे आमचे लोक खुर्चीचे गुलाम झाले, असा हा जागतिक इतिहासाचा धागा आहे. १८६७ पर्यंत रेल्वे आमच्या नांदुऱ्यावरून पुढे नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा गेला. कापसाबरोबर कंपन्या आल्या, कंपन्यांबरोबर हिशेब आले, आणि हिशेब मांडी घालून करता येतो हे साहेबाला पटत नसल्यामुळे टेबल-खुर्च्या आल्या.

साग तर आमच्या पाठीशीच उभा होता. पण पुढे जंगल कायद्यांनी सरकारने तो साग आपलासा केला. त्याआधी घराच्या माळवदाला जे लाकूड लागायचं ते माणूस डोंगरावरून आणायचा. त्यानंतर त्याच लाकडासाठी अर्ज करायचा. आमचे आजोबा खामगावच्या एका जिनात मुनीम होते. एका कापूस कंपनीचा गाशा गुंडाळला गेला तेव्हा तिच्या लिलावात त्यांनी ही खुर्ची घेतली, आणि बैलगाडीत स्वतः खाली बसून खुर्चीला वर बसवून घरी आणली, असं आजी सांगे.

ती आली तेव्हा तिच्यावर तो काळपट लाल थर होता. त्याला ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणतात. आता यातली गंमत ऐका. हे पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. लाख करतो एक बारीकसा किडा. तो पळसावर, बोरीवर, कुसुमावर बसतो, झाडाचा रस पितो आणि अंगाभोवती लाखेचं घर बांधतो. या लाखेशी आपली ओळख थेट वेदकाळापासूनची. अथर्ववेदात लाक्षेवर सूक्त आहे. महाभारतात तर दुर्योधनाने पांडवांसाठी वारणावतात अख्खं घरच लाखेचं करवलं. पुरोचन हा त्याचा कंत्राटदार. पण धर्मराजाने आत पाऊल टाकताच नुसत्या वासावरून तूप आणि लाख ओळखली. कंत्राटदाराचं काम वास घेऊन तपासणारा तो पहिला घरमालक. दुर्दैवाने ही परंपरा आपल्याकडे पुढे टिकली नाही.

ही आपल्याच रानातली लाख कलकत्त्याहून बोटीने युरोपात गेली. १८२० च्या सुमारास तिकडच्या कारागिरांनी ती दारूच्या अर्कात विरघळवून लाकडावर घोटली, आणि आरशासारखं चकाकणारं लाकूड बघून तिला फ्रेंच नाव पडलं. मग ती साहेबाच्या खुर्चीवर बसून परत आमच्या घरी आली. खामगावचा कापूस मँचेस्टरला जाऊन धोतर होऊन परत यायचा, तसलाच हा प्रकार. वास्तविक फ्रेंच पॉलिशला लागतं काय? पळसावरची लाख, बोळ्याला कापूस आणि त्याच्यावर गुंडाळायला जुन्या धोतराचं फडकं. तिन्ही आपलं. फ्रेंच काय ते नाव!

त्याच लाखेपासून जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बनत. म्हणजे ज्या लाखेतून बालगंधर्व गायले त्याच लाखेवर आमचे आजोबा बसत. दोन्हींचं नाजूकपणही सारखंच. तबकडी पडली की फुटायची, आणि खुर्चीच्या हातावर गरम चहाचा कप ठेवला की पांढरं कडं उमटायचं. पाहुण्यांच्या त्या सह्याच. कोण किती वेळ बसला याचा हिशेब मुनीमजी खुर्चीच्या हातावरूनच लावत असणार!

आजोबा गेले आणि थर बदलला. दुसरा थर हिरवा, म्हणजे ऑइलपेंट. याची जन्मकथा लाखेचीच आवृत्ती आहे. ऑइलपेंटातलं ऑइल मुळात जवसाचं. आमच्या वऱ्हाडात जवस म्हणजे चटणी. पण हे तेल हवेतला प्राणवायू पिऊन सुकतं आणि त्याचा घट्ट पापुद्रा धरतो, हा गुण साहेबाने हेरला. जवस पोत्यांनी विलायतेला गेलं आणि रंग डब्यांनी परत आला. पुढे १९०२ मध्ये हावड्याला शालिमारचा कारखाना निघाला तेव्हा हे डबे इथेच भरू लागले. आमच्याकडे हिरवा का, याचं उत्तर असं, की ज्या वर्षी एका सरकारी कचेरीची दारं-खिडक्या हिरव्या झाल्या, त्याच वर्षी गावातल्या बऱ्याच घरांतलं फर्निचरही हिरवं झालं. या योगायोगावर अद्याप कोणी संशोधन केलेलं नाही, आणि आमच्या काकांच्या हयातीत ते कोणी करू नये असंच त्यांचं मत होतं.

तिसरा थर आकाशी एनॅमलचा. हा काळ गट्टूचा. १९४२ साली मुंबईत चौघांनी सुरू केलेल्या एशियन पेंट्सला १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तो कपाळावर केस आलेला, हातात ब्रश धरलेला वांड मुलगा काढून दिला. २००२ पर्यंत तो भिंतीभिंतींवरून आपल्याकडे बघत होता. रंग छोट्या डब्यांत मिळू लागला आणि रंगारी बोलावण्याची गरज संपली. ब्रश घरातल्या होतकरू मुलांच्या हाती आला. आत्याला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून घराचं तेज वाढवण्यासाठी ही खुर्ची निळी झाली. दिवस श्रावणाचे. श्रावणात एनॅमल वाळायला किती वेळ घेतं हे डब्यावर लिहिलेलं नव्हतं. मुलाचे वडील मानाचे म्हणून त्यांना खुर्ची दिली. ते बसले. बोलणी सुरू झाली. मध्ये दोनदा त्यांनी उठण्याचा विचार केलेला दिसला, पण धोतराने साथ दिली नाही. शेवटी देण्याघेण्याचं सगळं ठरल्यावरच चौघांनी मिळून त्यांना खुर्चीपासून वेगळं केलं. एवढी चिकाटी असलेला सोयरा गावात दुसऱ्या कोणाला मिळाला नाही, असं आजी म्हणे.

आता प्रश्न असा की हे सगळं खरवडायचं की चौथा थर द्यायचा? आम्ही गावातल्या एका जुन्या मिस्तरींना विचारलं. त्यांनी नखाने कोपरा टोकरला, स्पिरिटचा बोळा खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी लावला. निळ्या-हिरव्याला ढिम्म वाटलं नाही, पण खालचा लाल थर चिकट होऊन बोटाला लागला. मिस्तरी हसले.

‘‘भाऊ, हे लाख हाये. अजून जित्ती हाये. पॉलिश म्हंजे आंघोळ आन् रंग म्हंजे कपडे. मळलं त आंघोळ घाला न. कपड्यावर कपडे काहाले चढवता?’’

सगळं शास्त्र या वाक्यात आलं. लाखेचा गुण हा, की पन्नास वर्षांनीसुद्धा ती स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते. म्हणून नवा हात जुन्यात मिसळून जातो. चहाची कडी, ओरखडे बोळ्याने पुन्हा घोटले की मिटतात. जुन्या पॉलिशला दुरुस्ती मान्य होती. रंगाला मान्य नाही. तो फक्त झाकतो, आणि झाकलेल्यावर पुन्हा झाकायला लावतो. घराघरांत माणसांची भांडणंही याच दोन पद्धतींनी मिटतात, पण तो वेगळा निबंध होईल.

मात्र खरवडायचं तर मिस्तरींनी आधी नातवाला आत्याच्या नातीसोबत पलीकडच्या आळीत पाठवायला लावलं, आणि ते बरोबर होतं. जुन्या रंगांत शिसं असे. शिसं म्हणजे काय ते आपल्याला मारुतीच्या देवळात ठाऊक आहे. अस्सल शेंदूर शिशाचाच. कोरडा काचकागद मारला की ते धुळीतून लहान मुलांच्या पोटात जातं आणि त्यांच्या मेंदूला कायमची इजा करतं. घरगुती रंगांतलं शिसं दहा लाख भागांत ९० वर आणणारा नियम आपल्याकडे झाला २०१६ मध्ये, आणि लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या खुर्च्या हा नियम वाचत नाहीत. तेव्हा पाणी लावून ओलं घासावं, अंगणात घासावं, आणि चिखल झाडापाशी टाकू नये. आणखी एक. जवसतेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात फेकू नयेत. सुकताना ती आपोआप तापतात आणि कधी कधी पेट घेतात. पुरोचनाला हे माहीत असतं तर त्याचा चुडीचा खर्च वाचला असता.

राहिला प्रश्न निळ्याचा. घरातली मंडळी हळवी झाली. तो आत्याच्या लग्नाचा रंग, खरवडायचा कसा? कोणी म्हणालं, तेवढा एक हात निळा ठेवा, आठवण म्हणून. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, अकोल्याला असतात. त्यांनाच फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर त्या थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या,

‘‘काढून टाक रे बाबा. तो रंग मले तवाही आवडला नव्हता. कोनी विचारलंच नाही.’’

रंगाबद्दलच बोलत होत्या ना, हे विचारायचं धैर्य आम्हाला झालं नाही. मिस्तरींनी मात्र फोन ठेवायच्या आतच कागद ओला केला होता. सध्या पावसाळा आहे. दमट हवेत लाखेवर पांढरी झाक येते, म्हणून पॉलिश दसऱ्यानंतर. तोवर खुर्ची अंगणात उघडी, नुसत्या सागाची, बसली आहे. आत्या दिवाळीला येणार आहेत. कोणतं पॉलिश द्यायचं ते त्यांना विचारून ठरेल.