देव पळवून नेता येतो का?

सत्ता बदलली की देवाची गोष्टही बदलते. आपल्या इथलं उदाहरण दिलं की मुद्दा बाजूला राहतो आणि कमेंटमध्ये मारामारी सुरू होते. म्हणून आज मुद्दाम लांबचं घेतोय, आजच्या इराकमधल्या बॅबिलोनचं. पोस्ट मोठी आहे, पण वाचा.

मार्दुक हा मुळात या एका गावाचा देव. इ.स.पू. अठराव्या शतकात हम्मुराबीने राज्य वाढवलं, तसा देवही मोठा झाला. पुढे 'एनुमा एलिश' हे सृष्टीच्या उत्पत्तीचं काव्य आलं. त्यात समुद्ररूपी तियामतला सगळे देव घाबरतात. मार्दुक म्हणतो, मी लढतो, पण आधी मला राजा करा. जिंकल्यावर त्याला पन्नास नावं मिळतात. उत्तरेकडच्या असीरियन लोकांनी काय केलं? काव्य तेच ठेवलं आणि मार्दुकच्या जागी आपल्या अश्शूर देवाचं नाव घातलं!

जिंकणारे मूर्तीही उचलून न्यायचे. मार्दुक असीरियात गेला, एलाममध्ये गेला. मग भक्तांना सांगायचं काय? आपला देव हरला? एका जुन्या लेखात मार्दुक स्वतःच बोलतो, की मला कुणी नेलं नाही, मी माझ्या मर्जीने गेलो होतो, आता परत येतोय. हरलेल्यांनीही गोष्ट आपल्या बाजूने फिरवून घेतली.

सगळ्यात भारी किस्सा पुढचा आहे. इ.स.पू. ६८९ मध्ये असीरियाच्या सेन्नाखेरिबने बॅबिलोन उद्ध्वस्त केलं. त्याचा मुलगा एसरहद्दोन गादीवर आला, त्याला शहर पुन्हा बांधायचं होतं. पण बापाने केलं असं कसं म्हणणार? त्याच्या शिलालेखात कारण दिलंय की लोकांची पापं वाढली, मार्दुक रागावला आणि त्याने शहर ७० वर्षं ओसाड राहील असं लिहिलं. मग देवालाच दया आली आणि त्याने आकडा उलटा केला. त्यांच्या लिपीत ७० ची खूण उलटी केली की ११ होतात. झालं काम! बापावर ठपका नाही, मुलाला परवानगी, आणि जबाबदारी सगळी देवाची नि जनतेची.

इ.स.पू. ५३९ मध्ये पर्शियाचा कुरुश (सायरस) आला. आधीचा राजा नबोनिदस चंद्रदेव सिनचा भक्त, शिवाय वर्षानुवर्षं अरबस्तानात जाऊन राहिलेला. राजाच नाही म्हणून मार्दुकचा नववर्षाचा उत्सव बंद. कुरुशने मातीच्या दंडगोलावर लिहवून घेतलं की मार्दुकने देशोदेशी शोध घेऊन मलाच निवडलं. हा दंडगोल २०१३ च्या डिसेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनासाठी आला होता.

आता त्या उत्सवाबद्दल. तिथल्या पुजाऱ्यांच्या एका उशिराच्या विधिलेखात असं आहे की राजा गाभाऱ्यात आला की पुजारी त्याची राजचिन्हं काढून घ्यायचा आणि गालावर थप्पड मारायचा. राजाने गुडघे टेकून कबूल करायचं की मी शहराचा नाश केला नाही, नागरिकांच्या अंगावर हात टाकला नाही. मग पुन्हा एक थप्पड. डोळ्यांत पाणी आलं तर देव प्रसन्न.

मला हाच भाग महत्त्वाचा वाटतो. देवाचं नाव तर प्रत्येक जिंकणाऱ्याने घेतलं. पण याच देवासमोर वर्षातून एकदा राजाला रिकाम्या हाताने उभं राहून जाब द्यावा लागायचा. आज मंदिराच्या व्यासपीठावर पुढाऱ्यांना शाल-श्रीफळ देतो आपण. रस्ता, पाणी, दवाखान्याचं तिथे कोण विचारतं? तुमच्या गावात विचारतात का? कमेंटमध्ये सांगा.