गंडभेरुंड आणि शहामृग

* दीपनगरच्या धुरांड्यावरचा गंडभेरुंड : कथेतला हा दोन तोंडांचा पक्षी मुळात आला कुठून, यावर एक गमतीदार तर्क लढवता येतो. दीपनगर ज्या जळगाव जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचे कोरीव कवच मिळाले. वय सुमारे २५,००० वर्षे. वर समांतर रेघा आणि त्यांच्यामध्ये फुल्यांची जाळी. म्हणजे माणसाहून उंच पक्षी खानदेशाला ठाऊक होता आणि लोकांच्या आठवणीत तो फुगत फुगत गंडभेरुंड होऊन थेट हत्ती उचलू लागला!

तर्क देखणा आहे, पण टिकत नाही. गंडभेरुंड विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर दिसतो तो सोळाव्या शतकात. मधल्या हजारो वर्षांचा दुवा कुठे आहे? मौखिक परंपरा चिवट असते, असे कोणी म्हणेल. मान्य, पण मग शहामृगाची एखादी तरी खूण उरायला हवी होती. गंडभेरुंडाला लांब पायांऐवजी शिकारी नख्या आहेत, आणि न उडणाऱ्या पक्ष्याला पंखांचे बळ आले आहे. दुसरे तोंड तर कोणत्याच अंड्यातून निघत नाही. उलट तक्षशिलेजवळच्या सिरकपच्या स्तूपावर दुतोंडी गरुड फार आधीच कोरलेला आहे. तेव्हा याचे मूळ शिल्पकाराच्या समतोलाच्या हौसेत आणि राजाच्या दराऱ्यात शोधावे. बळाचे हे चिन्ह लेखकाने दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रावर बसवले, ते त्या परंपरेला धरूनच. — संपा.